कुरडयांची राखण

राखणदारच फितूर झाला, ते आइका. चैतात सुनेनं आंगनात लुगडं आंथरून कुरडया घातल्या अन् कावळे हाकलाले मले काठी देऊन बसवलं. आमची नात दीड वर्साची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. सून रोज रडे.

तेवढ्यात पोरगी भिंतीले धरून उभी राह्यली, हात सोडला अन् ओल्या कुरडया तुडवत थेट माह्याकडे निघाली. म्या काठी टाकली, हात पुढे केले. मनात म्हटलं, देवा, चुकलो, लय शिव्या देल्ल्या तुले.

सून बाहेर आली. "मामाजी, झोपले होते काय? हाकललं काऊन नाही?"

"कावळा असता तर हाकलला असता. पोरगी चालत आली."

सून मटकन खाली बसली. डोळे पुसून म्हणे, "उरलेल्या कुरडयांवरून पुन्हा चालवा. मले पाह्याचं हाय."