दुसरीकडं आलेला घाम

हॅलो?

…हॅलो, कोण?

…विश्रामबागेतनं? हां, त्या घामाच्या दवाखान्यातनं. बोला की.

…न्हाई, शिवांजली वाईला गेलीया. एका शाळेच्या जुन्या पोरांचा मेळावा हाय, माईकवर बोलायला. फोन चार्जिंगला तसाच राहिला. मी तिचा सासरा, भाऊसो. कोरेगावच्या अलीकडं ऱ्हातो आमी.

…तुझं नाव काय, पोरी? अर्फा. ग्वाड हाय.

…व्हय, सात महिनं झालं. दोनी बगलंत सुया. सगळं ठावं हाय मला. घरात दोनच माणसं, पोरगा फौजेत. ती मला न्हाई तर कुणाला सांगणार?

…गुण? लय गुण. आधी माईकचा हात वर गेला की ब्लाऊजवर हे एवढं तळं. एका लग्नात टवाळानं खालनं व्हिडिओ काढला, गावोगाव फिरवला. पोरगी दोन महिनं स्टेजवर चढली न्हाई. तुमची सुई लागली, मग भर उन्हात उभी राहिली तरी थेंब न्हाई.

…त्रास? कागदावर लिहायचंय व्हय. लिही. तिला काय त्रास न्हाई. दुसरीला झाला.

…हां, हां, डॉक्टरीणबाई म्हनल्या होत्या, एखाद्याला घाम दुसरीकडं वाढतोय. तसाच वाढला. फक्त दुसरीकडं म्हंजे दुसऱ्या बाईला.

…हसू नकोस, ऐक तर. मी थापाड्या हाय, सारा तालुका सांगंल. पण ही थाप न्हवं.

…आमची म्हैस हाय, चंद्री. म्हैस माणूस वळखती कशावरनं? तोंडावरनं न्हवं, वासावरनं. शिवांजली सुया घेऊन आली, आठ दिवसांत घाम आटला, बसली धारंला. चंद्रीनं मान वळवून हुंगलं आणि बादली उडवली. चार दिवस पान्हा चोरला. रेडकू ढुशा मारून दमलं. तिला वाटलं, ही कोण परकी बाई?

…मग काय करायचं? आमच्यात रीत हाय, घरधनीण नसली की तिचं लुगडं नेसून धार काढायची. मी पण काढलीया. माझी बायको, लीलाबाई, बाळंतपणाला गेली तवा. पोस्टमन आला आणि माझ्या मिशा न बघता म्हनला, वहिनी, सही करा.

…हां, हस आता. इथं हसायचं.

…तर लीलाबाई वारून दोन वर्सं झाली. तिचं धारंचं लुगडं नि झंपर ट्रंकंत होतं. बिनधुतलं.

…का म्हंजे? राहून गेलं.

शिवांजलीनं ते चढवलं, गोठ्यात बसली. चंद्रीनं हुंगलं आणि हंबरली, पोरी. कालवड आईला बघून हंबरती तशी. चार दिवसांचा तटलेला पान्हा सोडला, बादली वरनं सांडली. आम्ही दोघंबी खूश. मग पोरीनं लुगडं सोडून दांडीवर टाकलं, आणि मला हाक मारली. म्हनली, मामंजी, हे बघा.

…झंपर. दोन्ही बगला वल्या गच्च.

…आगं, दुधाचा शिंतोडा बगलंत जातोय व्हय? मी पण आधी दूधच म्हनलो. तर ती कॉलेजात शिकलेली. तुमी सुईच्या आधी ते लावता न्हवं, तांबडं औषध, वर पीठ भुरभुरायचं, घाम असंल तिथं काळंनिळं होतंय? म्हशीच्या खुराला लावायची आयोडीनची बाटली होती घरात. आत जाऊन तिनं सोताच्या बगलंला लावून बघितलं. काय न्हाई, तांबडं ते तांबडंच. मग झंपराला लावलं.

…व्हय. काळं झालं. डोळ्यादेखत.

…रोज, पोरी. दोनी वक्ताला. ती कोरडी ठाक, झंपर वलं. शिवांजली सांगायची, धारंला बसलं की हात आपोआप चालतात, बोटं तिची ऱ्हातच न्हाईत. आणि मानंवर कुणीतरी दमल्यावानी श्वास सोडतंय.

…भ्याली की. पण पळाली न्हाई. आणि मी… खरं सांगू? मी धार संपायची वाट बघायचो. ती आत गेली की दांडीजवळ जायचो. वल्या कापडाला हात लावायचो. चाळीस वर्सं मला त्या वासाची सवय.

…हॅलो? हाय न्हवं लाईनीवर?

…हां. पंधरा दिवसांमागं तुमच्या औषधाचा जोर सरला. पोरीला घाम सुटला, म्हशीनं तिला वळखलं, लुगडं दांडीवरच राहिलं. कोरडं. पंधरा दिवस कोरडं.

…तेच सांगतोय. दुसऱ्या खेपंला ती यायला तयार न्हाई. म्हनती, आईंनी जलमभर शेण काढलं, धारा काढल्या. मेल्यावर तरी माझ्यापायी कामाला लागू नयेत. आज वाईला गेली ती कोपर कुशीला दाबून. तशानं आवाज बाहेर येतोय का, तूच सांग. पोरगी बोलण्यावर जगती.

…मला काय वाटतं? मला वाटतं लीलाबाई रोज यावी. पण माझ्या वाटण्यापायी तिला राबवू का? तवा लिही. सोमवार, सकाळी अकरा. मी घेऊन येतो तिला.

…न्हाई, धारंचा प्रश्न मिटला. चंद्री विकली. जैनुद्दीन दारात टेम्पो घिऊन आलाय. म्हैस न्हाई तर राबणं न्हाई.

…थांब जरा. काय रं, जैनुद्दीन? …लुगडं? लुगडं न्हाई मिळायचं, गड्या. …आरं, ठावं हाय ती दूध देणार न्हाई. तुझ्या बायकोला, नूरजहांला सांग, आठ दिवस सोताच्या हातानं पेंड खायाला घाल, गळ्याखाली खाजीव. नव्या वासाची सवय लागती. लुगडं म्हशीबरोबर जाणार न्हाई. ते कापड आता कुणाच्या गोठ्यात राबायचं न्हाई. …जा, घे. दावं सोडून ठेवलंय.

…हां, बोल, अर्फा. …ऐकलंस न्हवं, हंबरली ती. टेम्पोत चढताना मागं बघती.

…थांब, दांडीवरनं लुगडं काढतो. ट्रंकंत टाकायचं. ह्या खेपंला धुऊन… बघू, झंपर. कोरडं. दोन्ही बगला कोरड्या हायत. सुटली बाई.

…

…हॅलो. हाय, हाय मी.

…काय न्हाई. पदराचं टोक वलं हाय.

…पाऊस कसला, मे महिना चाललाय. पाणी सांडलं असतं तर सारं लुगडं भिजलं असतं. हे मूठभर टोक. बाईमाणूस पदराच्या टोकानं काय पुसतंय, ते तुला सांगाय पायजे का?

…न्हाई, पोरी. ह्याच्यावर सुई बघू नकोस. हे येऊ दे.

…सोमवार, अकरा. लिहिलंस न्हवं? …बरं. ठेवतो.