सव्वीस की चौतीस

हृदयविभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक प्लंबर आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी येऊन बसले. दोघं नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते.

"बाबा, डॉक्टरांसमोर खिशातून कॅलिपर कशाला काढलास?"

"घरी तुझ्या स्कॅनच्या फिल्मवर मोजलं होतं मी. तुझ्या हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी ती वाट सव्वीस मिलिमीटर भरली. त्यांचा मोठ्यातला मोठा वॉल्व एकोणतीसचा. गच्च बसायला हवा होता."

"फिल्म लहान करून छापतात, बाबा. खरी वाट चौतीस आहे. मी तान्ही असताना ऑपरेशन झालं, तेव्हापासून सैल होत गेली. म्हणून तर गळतंय."

"मग एकोणतीसचा तिथे ठरणारच नाही. धारेबरोबर निसटेल. एवढं मला कळतं."

"म्हणजे मांडीच्या शिरेतून वॉल्व सरकवता येणार नाही. पुन्हा छाती उघडायची."

"जुन्याच व्रणावरून उघडणार म्हणाले ना?"

"मी रडत होते तेव्हा तू त्यांना काय विचारत होतास?"

"म्हटलं, भिंत फोडताच आहात, तर वॉल्व पक्क्या कड्याचा बसवा. तो झिजला की पुढचा त्याच्याच आत सरकवता आला पाहिजे, भिंतीला हात न लावता."

"मी काय भिंत आहे? काय म्हणाले?"

"म्हणाले, तसाच बसवणार आहोत. पुढचा बहुतेक मांडीतूनच."

"म्हणजे छातीवर ही शेवटची चीर?"

"असावी म्हणाले. दहा-पंधरा वर्षांनी बघू."

"तेव्हाही कॅलिपर आणशील?"

"आणेन की. पण फिल्म नाही मोजणार. सरळ त्यांचा वॉल्व मागून घेईन आणि मोजेन."