अंजीर निजवायचा दिवस

नुन्झिओ : सभा, अर्ज, महापौरांच्या मागे लकडा... वीस वर्षं घसा कोणी कोरडा केला? मी! आणि आता या बंद पडलेल्या ओतशाळेची जमीन साफ करायला वॉशिंग्टनहून पैसे आले, तर पहिलं यंत्र माझ्याच अंजिरावर?

रोशेल : आवाज कमी करा, मिस्टर नुन्झिओ. पार नगरपालिकेपर्यंत ऐकू जाईल. ओतशाळेच्या आख्ख्या आवाराची माती तपासली आम्ही. सगळ्यात जास्त शिसं कुठे निघालं, ठाऊक आहे?

नुन्झिओ : भट्टीखाली. आणखी कुठे!

रोशेल : या झाडाखाली.

नुन्झिओ : काहीतरीच! भट्टी पार त्या टोकाला. इथे कुंपणाशी कोण मरायला शिसं आणून टाकेल?

रोशेल : तेच विचारायला आले. इथे कधी काही पुरलंय का?

नुन्झिओ : दर वर्षी पुरतो! हे अंजीरच. आमच्या गावाकडचं झाड, त्याला इथली थंडी सोसते होय? बर्फ पडायच्या आत फांद्या बांधायच्या, वाकवून चरात निजवायचं, आणि वर...

रोशेल : वर काय?

नुन्झिओ : वाळू.

रोशेल : कुठली?

नुन्झिओ : साच्यांची. काळी. पितळ ओतून झालं की फुकट मिळायची, ऊन ऊन. तुझा बाप ओटिसच हातगाडी भरून आणायचा. म्हणायचा, “घे, तुझ्या फिलोमिनाच्या या लेकराला पांघरूण.” अरे देवा! पितळातलं शिसं त्या वाळूत... म्हणजे मीच? आणि फळं? तू खाल्लीस, पोरी, एवढीशी होतीस तेव्हापासून!

रोशेल : फळात फारसं उतरत नाही, तेही तपासलंय. आमच्या दारातली वाटसुद्धा त्याच वाळूवर होती. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

नुन्झिओ : माझी फिलोमिना म्हणायची, एकदा जागा साफ झाली की इथे बाक टाकू, दोघं बसू, अंजीर खाऊ. त्या बाकासाठी भांडलो मी. मेली थांबली नाही, आधीच गेली.

रोशेल : यंत्र सोमवारी येतंय.

नुन्झिओ : वसंतापर्यंत थांबव. एकदाच निजवू दे.

रोशेल : खणू नाही देता येणार. धूळ उडेल, पलीकडे शाळा आहे. आणि मुदत टळली की पैसे परत. सभेत टेबलावर मूठ आपटून कोण ओरडलं होतं, “उद्या नको, आज”?

नुन्झिओ : मीच. जीभ छाटून टाकायला हवी होती.

रोशेल : फांदी कापून घ्या. धुऊन स्वच्छ मातीत लावू. इथे नवी माती पडेल, बाग होईल. ऊन लागेल अशी एक जागा अडवून ठेवते, तुमच्या बाकाशेजारी.

नुन्झिओ : फळ धरायला तीन-चार वर्षं. मी आत्ताच एक्याऐंशीचा.

रोशेल : मग मला शिकवून ठेवा ना. बाबा गेल्यापासून अंजीर खाल्लेलं नाही मी. दुकानातलं तोंडात घालवत नाही.

नुन्झिओ : ओटिस मक्याचा पाव द्यायचा आणि टोपीभर अंजिरं न्यायचा. घरी किती पोचायची?

रोशेल : दोन.

नुन्झिओ : चोर लेकाचा! धर दोरी. वरून गुंडाळत ये, वेणी घालतात तशी. आवळू नकोस गं!

रोशेल : सोमवारी उपटणारच आहेत, तरी बांधायचं?

नुन्झिओ : फिलोमिनानं याला थंडीत कधी उभं ठेवलं नाही.

(नुन्झिओ एक फांदी कापून बाजूला ठेवतो. मग दोघं झाड वाकवून जमिनीला टेकवतात. चर नाही, वाळू नाही; वर नुसती जुनी रजई.)

रोशेल : झाकताना काही म्हणायच्या का त्या?

नुन्झिओ : “एप्रिलात उठवीन, तोवर नीज.” दर वर्षी.

रोशेल : मग म्हणा.

नुन्झिओ : नाही गं. याच्याशी खोटं कसं बोलू?

रोशेल : मग ही कापलेली फांदी घ्या हातात. हिला म्हणा.

नुन्झिओ : एप्रिलात उठवीन, बाळा. तोवर नीज... तिच्यासारखं नाही जमलं.