पिशवी नसलेल्या माणसाचा खडा

...अहो पण पित्ताची पिशवीच जर अकरा वर्षांपूर्वी काढून टाकलीय, तर खडा येईलच कुठून, हाच माझा मुद्दा होता, आणि तुम्हीच सांगा, यात चुकीचं काय आहे? पण ऐकतंय कोण! रंगाच्या दुकानात पस्तीस वर्षं काढली मी, डब्यात रंग मिसळून हवी ती शेड काढून देणारा माणूस, आणि सकाळी सकाळी बायको माझा चेहरा खिडकीकडे वळवून म्हणते, "अहो, तुम्ही पिवळे दिसताय." मी म्हटलं, उजेड पिवळा आहे. ती म्हणाली, "उजेड माझ्यावरही पडलाय."

तिथपासून सुरू झालं. पोटात उजवीकडे बरगडीखाली अशी कळ यायची की हातातला ब्रश गळून पडायचा. मी म्हणायचो, वात. अंगाला खाज... म्हणजे किती, तर दुकानाच्या दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो, गिऱ्हाईक आलं की नमस्कार करायचो आणि पुन्हा घासायचो! लघवी काळ्या चहासारखी. ही म्हणाली, "डॉक्टरकडे चला, खडा असेल." मी म्हटलं, पिशवीच नाही, तर खडा कुठला?

मग एक बाई आल्या दुकानात, पडद्याचा तुकडा घेऊन, त्याच्याशी जुळणारी भिंत हवी म्हणून. मी पाच शेड काढून ठेवल्या. बाई शेडकडे बघेचनात, माझ्याकडेच बघतायत! मला वाटलं, आता या वयात काय... तर म्हणतात, "काका, भिंतीचं राहू द्या हो. तुमचे डोळे बघितलेत का आरशात?" आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात थंडी भरली. साधी नाही हो! दात वाजतायत, हात उडतायत, डबे हलवायचं यंत्र शेजारी बंद उभं आणि मीच त्याच्यासारखा हलतोय! पडद्याच्या बाईंनीच हिला फोन केला.

ही आली ती भांडायला सुद्धा थांबली नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. सरळ दवाखान्यात, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. सर्जन म्हणून कोण आली? माझ्या मुलीच्या वयाची असेल अशी पोरगी! मी तापात, पण मुद्दा सोडला नाही. म्हटलं, बाई, माझी पिशवी अकरा वर्षांपूर्वीच काढलीय. ती शांतपणे म्हणाली, "माहितीय काका, पोटावरच्या व्रणांत लिहिलेलंच आहे," आणि कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. "पित्त तयार होतं लिव्हरमध्ये. पिशवीत ते नुसतं साठतं. पिशवी गेली तरी लिव्हरकडून आतड्याकडे जाणारी ही मुख्य नळी राहतेच. खडा तिथे बसलाय. पित्त तुंबलं, म्हणून कावीळ. आता तिथे पू झालाय, म्हणून थंडीताप. आज वाट मोकळी केली नाही तर विष रक्तात पसरेल."

मी म्हटलं, म्हणजे अकरा वर्षं हा आत बसून होता?

"तेव्हाच घसरून राहिला असेल, किंवा नंतर तिथेच तयार झाला असेल. त्याला विचारायची सोय नाही."

त्याच दिवशी तोंडातून दुर्बीण घातली. पू काढला, पित्ताला वाट म्हणून आत एक छोटी नळी ठेवली, ताप उतरला. पण खडा? मोठ्या द्राक्षाएवढा! फोडायला जावं तर फुटेना, ओढायला जावं तर निघेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल. पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने सुरुवात करू, पण जुन्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असणार. जमलं नाही तर पोट उघडायचं, नळीला छेद द्यायचा, खडा काढायचा."

आता गंमत ऐका. गंमत कसली... इतके दिवस माझ्यामागे लागली होती ती कोण? ही! आणि संमतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली, तर पेन धरून बसली. पेन हलेचना. एकतीस वर्षांच्या संसारात ही कुठे अडलेली मी पाहिली नव्हती, तुम्हाला सांगतो. अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो... गोळ्यांनी नाही का विरघळणार?"

त्या क्षणाला माझ्या डोक्यातला सगळा वाद संपला बघा. पिशवी आहे की नाही, कोण बरोबर, कोण चूक... गेलं सगळं! मी कागद ओढून घेतला, माझी सही केली, अशी दणदणीत की कागद फाटायचा राहिला, आणि म्हटलं, "पिशवी गेली, आता खडा जाईल. मी कुठे जात नाही. कर सही." केली तिने. वाकडी केली, पण केली.

पाच तास लागले. दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडावंच लागलं. नर्स नंतर मला सांगत होती, "काका, काकू पाच तास दारासमोर उभ्या होत्या. खुर्ची दिली तर तिच्यावर पर्स ठेवली." मी शुद्धीवर आलो तर पोटातून एक रबरी नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत हिरवट पिवळं पित्त! म्हटलं, घ्या! अकरा वर्षं ओरडतोय पिशवी नाही, पिशवी नाही... दिली एकदाची, बाहेरून लावून! हसलो, तर टाके असे ओढले की डोळ्यांतून पाणी. ही म्हणाली, "दुखतंय का?" मी म्हटलं, हसू येतंय. तर तीच रडायला लागली.

तीन आठवडे ती पिशवी कमरेला घेऊन हिंडलो. मग नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला, वाट साफ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीनपर्यंत मोजते, मग ओढते. एक..." आणि ओढली! दोन आणि तीन अजून यायचेत.

तर अशी सगळी हकीकत. पोट माझं, खडा माझा, कळा माझ्या. पण भेटायला कोणी आलं की सांगायचं कोणी? तिने! पडद्याच्या बाईंपासून पाच तासांपर्यंत, हातवारे करून! मी मध्ये बोललो की, "थांबा हो, तुम्ही बेशुद्ध होता, तुम्हाला काय माहीत?" आज ती बाहेर गेलीय म्हणून तुम्हाला एवढं तरी... हं, आलीच वाटतं. बसा, आता पुन्हा पहिल्यापासून ऐका. माझ्याकडे एवढंच काम असतं, ती "दाखवा" म्हणाली की शर्ट वर करायचा.