कालवांचा अहवाल

सासूचं नाव काढलं की तुम्ही सगळ्या नाकं मुरडता, म्हणून माझ्या सासूबाईंचं ऐकाच. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते तेव्हाची गोष्ट. सरकारी मत्स्यखात्याच्या एका साहेबांनी आमच्या वरळी कोळीवाड्याजवळ समुद्रात टोपल्या बांधून कालवं, म्हणजे ते खायचे शिंपले, वाढायला लावली होती. सहा महिने झाले, तरी कालवं आपली नखाएवढीच! साहेब वैतागून म्हणाले, "मुंबईच्या पाण्यात कालवं वाढत नाहीत, असं लिहून टाकतो."

त्या दिवसांत मुंबईला नावं ठेवलेली सासूबाईंना खपतायत होय? डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पानी कवा तपासता, साहेब?"

"रोज भरतीला. चांगलं खारं आहे."

"आता ओहोटीला या. तवा नाल्याचं गोडं पानी टोपल्यांवरून जातं. गोडं पानी लागलं की कालव तोंड मिटतं. उपाशी कालव वाढंल कसं?"

साहेबांनी ओहोटीला पाणी तपासलं आणि गपचूप टोपल्या नाल्यापासून लांब, खडकांपलीकडे हलवल्या. वर्षभरात कालवं तळहाताएवढी झाली.

साहेब खुशीत इंग्रजी अहवाल लिहायला निघाले, तर सासूबाई वाटेत उभ्या. "माझं नाव लिवा. आन् मराठीत लिवा. माझी सून वाचती."

साहेबांनी खरंच मराठीत लिहिला. मी तो सासूबाईंना वाचून दाखवत होते. त्यांचं नाव आलं तशा म्हणाल्या, "थांब." पदर सावरून ताठ बसल्या.

"हां. आता तेवढं परत वाच. जरा मोठ्यानं."