पोचपावतीवरचा अंगठा

नको, चहा टाकू नका, पाणीसुद्धा नंतर, आधी माझं ऐकून घ्या, कारण एकदा का कपबशी हातात आली की मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि जे सांगायला आले ते राहूनच जाईल... मला माझी जीभ चांगली ठाऊक आहे. मागे, तुमचा पंखा दुरुस्तीला गेला होता बघा, त्या दुपारी ह्याच खुर्चीत बसून मी तुम्हाला म्हणाले होते ना, की आमच्या सुनेचा हात जड, दोन वर्षांत नव्या गाडीचा खुळखुळा केला म्हणून? आणि तुम्ही तोंडाला हात लावलात? तर ते खोटं. म्हणजे गाडीचा खुळखुळा झाला होता हे खरं, पण तो सुनेने केला हे खोटं. मी आपली बोलून गेले. जिभेला काय, हाड नसतं.

तुम्हाला सांगते, तो आवाज फार मोठा नव्हता. खुडुक. स्पीडब्रेकर आला, खुडुक. खड्डा आला, खुडुक. कुणीतरी बोनेटखाली बसून अक्रोड फोडतंय म्हणा ना! पहिल्यांदा मला वाटलं माझा गुडघाच वाजतोय, पण गुडघा माझा उजवा आणि आवाज डावीकडून. आणि गंमत बघा, हा आवाज यायचा कधी, तर मी पुढे शेजारी बसले असेन तेव्हाच. आता मला गाडीत बसवून कोण नेणार? मुलाला वेळ नाही, तो आपला स्कूटरवर एकटा जातो नि एकटा येतो. दर गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे मला न्यायची ती सून. म्हणजे मी जेव्हा जेव्हा आवाज ऐकला तेव्हा तेव्हा स्टिअरिंगवर सून! झालं, मी हिशोब मांडून मोकळी. सून चालवते म्हणून आवाज येतो. शाळेत गेले असते तर गुरुजींनी कान धरला असता, पण मी गेले नाही, आणि कान धरायला घरात कुणी उरलेलं नाही.

त्यात तिने गाडी शिकली बेचाळिसाव्या वर्षी. परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा घरात शिरताना किल्ली अशी बोटात फिरवत आली होती... जाऊ दे. एकदा जेवताना मी मुलाला म्हणाले, हिला सांग बाबा, गाडी म्हणजे काही पाटा-वरवंटा नव्हे, जरा हळू. मुलाने मान वर न करता म्हटलं, "ऐकलंस ना?" ती एवढंच म्हणाली की मी एकटी असते तेव्हा काहीच वाजत नाही. कोण विश्वास ठेवतो? दुसऱ्या दिवशी तिच्याकडची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. तेव्हापासून ती दोन बस बदलून कामाला जायला लागली, न भांडता, न रडता. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात निदान मी जिंकते.

मग मुलाला न्यावं लागलं मला डॉक्टरकडे. पहिलाच स्पीडब्रेकर... खुडुक! तिथेच मला कळायला हवं होतं की नाही? मी काय म्हणाले असेन? म्हणाले, तिने मोडून ठेवलीय, आता कुणीही चालवली तरी वाजणारच. जिभेला हाड नसतं.

मुलाने गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी फिरवून आणली, कागदावर लिहिलं, आवाज नाही. पुन्हा नेली, पुन्हा आवाज नाही. तिसऱ्यांदा मुलगा तणतणत म्हणाला, आई, तू चल, तू बसल्याशिवाय ती बोलत नाही. म्हणजे मी साक्षीदार! इस्त्रीची साडी नेसून गेले. तिथला हेडमेकॅनिक, कानावर पेन्सिल, मला म्हणतो, आजी बसा. बसले. आजी उतरा. उतरले. आता पुन्हा बसा. चार वेळा! गुडघा माझा, प्रयोग त्याचा. मग गाडी पाळण्यासारखी वर चढवली, खाली वाकून बॅटरी मारली आणि मुलाला हाक मारली. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो म्हणे, लोअर आर्म, त्याच्या सांध्यातलं रबर फाटलेलं. बघितलं मी. माझ्या टाचेच्या भेगा परवडल्या! वजन पडलं की लोखंडावर लोखंड, म्हणून खुडुक. आणि वर म्हणाला, आणखी महिना-दोन महिने गेले असते तर चालत्या गाडीचं चाक वाकडं झालं असतं. सून बसने जायला लागल्यापासून मुलगा त्याच गाडीतून, मागच्या सीटवर बसवून, माझ्या नातीला रोज शाळेत सोडत होता.

मी हळूच विचारलं, आदळआपट केल्यामुळे झालं का हो? तो म्हणाला, छे, रबरच कच्चं, ह्या गाडीचं रिकॉल निघालंय की. रिकॉल म्हणजे काय म्हणाल, तर कंपनीने आपण होऊन गाडीला परत बोलवायचं, लेकीला माहेरी बोलावतात तसं, दुखरं असेल ते काढून, नवं घालून, फुकटात परत धाडायचं. काउंटरवरच्या मुलीने आता तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, सर, तुम्हाला आठ महिन्यांपूर्वीच पत्र पाठवलंय, रजिस्टर पोस्टाने, वर गाडीचं चित्र असलेलं.

गाडीचं चित्र...

मला सगळं आठवतं हो, तेच तर दुखणं आहे. मंगळवार होता. वीज गेलेली, गॅसवर दूध. पोस्टमन म्हणाला, आजी, सही. मी म्हटलं, अंगठा घे. त्याने खिशातून शाईची डबी काढली, आणि जाताना बजावलं, कामाचं आहे, मुलाला द्या. मी आत गेले तर दूध उतू गेलेलं. ते पुसलं, मग पाकीट फोडलं. जाड गुळगुळीत कागद आणि वर गाडीचं रंगीत चित्र. आता माझा आयुष्यभराचा नियम, चित्र असलं की जाहिरात. लाइटबिलावर कधी चित्र बघितलंय? कोर्टाच्या कागदावर? म्हटलं, जाहिरात आहे पण कागद चांगलाय, तेल झिरपायचं नाही. घातला तेलाच्या डब्याखाली.

आणि इकडे मुलगा काउंटरवर हात आपटतोय. "पत्र आलंच नाही! आणि आलं असेल तर आमच्या हिने कुठेतरी टाकलं असेल, घरातले कागद तीच बघते." मुलगी म्हणाली, पोच आहे आमच्याकडे, सही कुणाची ते मागवून घेते. "मागवाच," मुलगा म्हणाला, "कळू दे हिचा कारभार."

तेव्हा बोलायचं होतं मी. एकवीस जणांकडे सुटलेली ही जीभ, तेव्हा मात्र तिला हाड फुटलं! शेवटी नुसता अंगठा वर केला. ती मुलगी बिचारी हसली, आणि तिनेही मला अंगठा दाखवला. तिला वाटलं, आजी खूश आहेत.

"अगं, तो अंगठा माझा आहे," मी म्हणाले. "पोचेवरचा."

मुलाने आपटलेला हात काउंटरवरून खाली घेतला. घरी येईपर्यंत बोलला नाही. गाडी तिकडेच ठेवून आलो होतो, रिक्षात बसलो होतो, नाहीतर त्या शांततेत खुडुक तरी झालं असतं.

संध्याकाळी सून आली. मी स्वतः डबा उचलला, कागद काढला, पुसून तिच्या हातात दिला. तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला, मोठ्याने, सगळा. त्यात एक वाक्य होतं, ह्या बिघाडात वाहन चालवणाऱ्याचा कोणताही दोष नाही. डब्याच्या गोल डागात अडकलं होतं, पण वाचता येत होतं. ते तिने दोनदा वाचलं. मी म्हटलं, चुकले गं. तिने कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आई, किती जणांना सांगितलंत?"

खोटं बोलता आलं असतं. पण मला आठवतं ना मेलं! एकवीस, मी म्हणाले. कोण, कुठे, कुणाचा पंखा बंद होता, सगळं. तिने त्याच कागदाच्या मागे नावं लिहून घेतली आणि खिळ्यावरची आपली किल्ली काढली.

गाडी आता पाण्यासारखी चालते. दर रविवारी ती मला एकेका दारात सोडते, स्वतः खाली बसून राहते, आणि मी वर येऊन हे असं, पहिल्यापासून, सगळं सांगते. गाळलं तर तिला कळतं, माझ्या चेहऱ्यावरून. तुम्ही सतरावे. अजून चार.

...वाजला बघा हॉर्न. येते गं, झालंच! नको, चहा पुढच्या वेळी. आता इथून माझ्या धाकट्या नणंदेकडे. ती ठार बहिरी आहे. तिला सांगायचं म्हणजे गल्लीत उभं राहिल्यासारखं ओरडून सांगावं लागणार, चूक माझी, चूक माझी म्हणून... आणि त्या गल्लीत घरं आहेत चाळीस.