गाडीखालची कालवं

हसताय काय, ऐका. आमचा मित्र दत्तू आंब्याची बाग विकून जुनी शर्यतीची मोटार घ्यायला निघाला. पारखायला मला नेलं. गाडीखाली शिरलो, तर लोखंडाला खाडीतल्या खडकावर असतात तशी शिंपल्यांची कालवं चिकटलेली! मी हसतच बाहेर आलो.

"दत्त्या, ही खाडीत बुडालेली मोटार आहे. घेऊ नको."

मोटार विकणारा दत्तूला म्हणाला, "यांची थट्टा गावभर ठाऊक आहे."

"अरे, वाकून बघ तरी!"

"वाकलो की मागून लाथ घालशील मेल्या. शिमग्यातली विसरलो नाही मी," म्हणत दत्तूने गाडी घेतली.

आठवड्यातच भाट्याच्या उतारावर गंजलेला ब्रेक तुटला. दत्तूचा पाय कापावा लागला.

इस्पितळात गेलो, तर एवढंच म्हणाला, "खरं सांगत होतास, तर हसत कशाला होतास?"